१५० घेऊ, १६८ घेऊ की १८०? अरे, आधी गोळी कशासाठी ते ठरव

या वेळचं पत्र अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात, पिट्सबर्गजवळ राहणाऱ्या एका मुलाचं आहे, मूळचा साताऱ्याचा. थोडक्यात देते:

"ताई, कॉलेजात एनसीसीत असताना पॉइंट टू टू रायफल चालवलेली, तेव्हापासून नाद होता. मागच्या वर्षी ग्रीन कार्ड आलं, हंटर एज्युकेशनचा कोर्स केला आणि थ्री-ओ-एटची (म्हणजे ०.३०८ इंच जाडीच्या गोळीची) बोल्ट अॅक्शन, म्हणजे दर गोळीला हाताने खटका ओढायची रायफल घेतली. नळीवर १:१० लिहिलंय. क्लबच्या रेंजवर १०० आणि २०० यार्डांवर टार्गेट मारायचं आणि या सीझनला ऑफिसमधल्या मित्राच्या शेताला लागून असलेल्या जंगलात हरणाला बसायचं, दोन्ही याच रायफलने. गोळ्या आणायला गेलो तर डोकं फिरलं. ११०, १२५, १५०, १६५, १६८, १७५, १८०, सगळ्या थ्री-ओ-एटच्याच! दुकानदार म्हणतो १८० घे, जड गोळी आडवं पाडते. मित्र म्हणतो १५०. व्हिडिओवाले म्हणतात १६८ मॅच (स्पर्धेची गोळी) घ्या, कागदाचं टार्गेट पण होतं आणि हरीण पण. ते ग्रेन म्हणजे आत तेवढी दारू असते का? आणि एक, बायकोला पाचवा महिना आहे, हरणाचं मटण घरात येईल तर त्यात शिशाचं काही लफडं असतं का? गावाकडं कुणाला विचारायची सोय नाही. वजन कुठलं घेऊ तेवढं सांगा."

अरे बाबा, सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तू शेवटी लिहिलीस. बायकोला पाचवा महिना आहे. माझं उत्तर तिथूनच सुरू होतं, पण आधी ते ग्रेनचं निस्तरू, कारण तिथेच गोंधळ असला तर पुढचं काही कळायचं नाही.

ग्रेन म्हणजे दारू नाही. डब्यावर मोठ्या अक्षरात जो आकडा असतो तो फक्त पुढच्या गोळीचं वजन, म्हणजे काडतुसातून सुटून नळीतून बाहेर जाते ती गोळी. थ्री-ओ-एटच्या काडतुसात दारू साधारण चाळीस-पंचेचाळीस ग्रेनच असते आणि ती डब्यावर लिहीत पण नाहीत. आता हे वजन किती, तर आपल्या माणसाला सोन्याच्या भाषेत पटकन कळेल. जुना तोळा, ९६ गुंजांचा, ११.६६ ग्रॅमचा, तो इंग्रजांनी बरोब्बर १८० ग्रेनचा ठरवला होता. म्हणजे तुझ्या दुकानदाराची १८० ची गोळी म्हणजे एक जुना तोळा, आणि मित्राची १५० ची म्हणजे ९.७ ग्रॅम, आजच्या सोनाराच्या दहा ग्रॅमच्या तोळ्याला जरा कमी. दोन्हीत फरक ३० ग्रेन, जुन्या हिशोबात दोन मासे, दोन ग्रॅमसुद्धा नाही. या दोन माशांवरून लोक दुकानात तासतासभर वाद घालतात आणि गोळी आतून कशी बनवलीय ते कुणी विचारत नाही, मला याचंच वाईट वाटतं.

त्या दोन माशांनी फरक पडतो का? पडतो, पण तू जिथे बसणार आहेस तिथे फार नाही. फॅक्टरीच्या साध्या काडतुसात १५० ची गोळी नळीतून सेकंदाला साधारण २८२० फुटांनी निघते आणि १८० ची २६२० फुटांनी. २०० यार्डांवर झिरो केलं, म्हणजे त्या अंतरावर नेम धरला तिथेच गोळी पडेल अशी दुर्बीण लावली, तर ३०० यार्डांवर दोघींच्या घसरणीत एखाद-दीड इंचाचा फरक येतो, आणि पेनसिल्व्हेनियाच्या जंगलात ३०० यार्ड तुला दिसणार पण नाहीत, झाडीच इतकी की हरीण ५०-७० यार्डांवर दिसलं तरी नशीब. धक्का मात्र १८० चा जास्त बसतो, आणि नवीन माणूस धक्क्याला घाबरून चाप ओढायच्या क्षणी डोळे मिटतो आणि खांदा आखडतो, मग गोळी कितीही जड असू दे. दुकानदार म्हणतो तसं जड गोळी हरणाला आडवं पाडत नाही. हरीण पडतं ते काळीज-फुप्फुसातून गोळी नीट गेल्यामुळे, आणि व्हाइटटेल हरणाची ती जागा आपल्या भाकरीएवढी असते, त्यापेक्षा मोठी नाही. त्या भाकरीत गोळी घालायची, तीही बाजूने उभं असताना, पुढच्या पायाच्या मागे, बास.

आता १६८ मॅचचं. ती गोळी मस्त आहे, मी स्वतः रेंजवर तीच वापरते, पण ती हरणावर मारायची नाही. नाही म्हणजे नाही. तू म्हणतोस त्या व्हिडिओवाल्यांनी शंभर हरणं पाडली असतील तरी नाही. १६८ ग्रेनची सिएरा मॅचकिंग ही गोळी ३०० मीटरच्या टार्गेट स्पर्धांसाठी बनवली गेली, तिच्या टोकाला जे बारीक भोक असतं ते पसरण्यासाठी नसतं, तांब्याचा पत्रा मागून पुढे ओढून गोळी बनवताना राहिलेलं ते तोंड असतं. शिकारीच्या गोळीचं टोक मांस लागलं की फुलासारखं उघडावं म्हणून मुद्दाम घडवलेलं असतं. मॅच गोळीचं तसं नाही, कधी ती आत जाऊन फुटून चुरा होते, कधी न उघडता सुईसारखी आरपार जाते, आणि आज काय करेल ते तुला आधी कळत नाही. सिएरा कंपनी स्वतःच सांगते की मॅचकिंग शिकारीला वापरू नका. बनवणारा नको म्हणतो तिथे आपण कशाला शहाणपण करायचं! आणि तुझ्या राज्यात हरणावर पसरणारीच गोळी लागते, त्यामुळे ते स्वस्तातले फुल मेटल जॅकेटचे (टोकापर्यंत पत्र्याने झाकलेल्या, न पसरणाऱ्या गोळ्यांचे) १४७ चे डबे दिसतील ते पण फक्त कागदासाठी.

गोळीची बनावट वजनापेक्षा मोठी का, तर एक जुनी गोष्ट सांगते. जॉन नॉस्लर नावाचा माणूस १९४६ साली कॅनडात ब्रिटिश कोलंबियात मूसच्या शिकारीला गेला होता. मूस म्हणजे आपल्या सांबरापेक्षा कितीतरी मोठं जनावर, त्यात अंगावर वाळलेला चिखल. त्याच्या भरवेगातल्या गोळ्या वरच्यावर फुटायला लागल्या, आत पोचेनातच. घरी येऊन त्याने गोळीच्या मधोमध तांब्याची भिंत घातली, म्हणजे पुढचा भाग उघडेल आणि मागचा अख्खा राहून आत जात राहील, आणि १९४८ पासून ती पार्टिशन गोळी विकायला लागला. आजही मिळते. त्याने नुसतं वजन वाढवून बघितलं नाही, घडण बदलली, आणि शिकारीच्या गोळ्यांचा सगळा विचारच तिथून बदलला.

बरं, १:१० म्हणजे काय ते तू विचारलं नाहीस पण ते कळल्याशिवाय वजनाचं कळत नाही. नळीच्या आतल्या पिळात गोळी दर दहा इंचाला एक पूर्ण फेरा घेते. भोवरा आठव. बुटका भोवरा थोड्या पिळावर पण उभा राहतो, उंच भोवऱ्याला जाळी जोरात खेचावी लागते नाहीतर तो डुलत डुलत पडतो. गोळीचं तेच, लांब गोळीला जास्त पीळ लागतो. लक्षात घे, लांब, जड नाही. एकाच नळीतून जाणारी जड गोळी लांब असतेच म्हणून लोक वजन बोलतात, पण खरा हिशोब लांबीचा. इंग्लंडमधल्या ग्रीनहिल नावाच्या गणिताच्या प्रोफेसरने १८७९ मध्ये याचं साधं सूत्र मांडलं ते अजून ढोबळमानाने चालतं, गोळीच्या जाडीचा वर्ग गुणिले १५०, भागिले लांबी, सगळं इंचात. सव्वा इंच लांब गोळीला त्या सूत्राने साधारण साडेअकरा इंचाला एक फेरा पुरतो, तुझी नळी दहा इंचाला देते, म्हणजे दुकानातल्या १५० ते १८० मधलं काहीही ती आरामात उभं ठेवेल. २७०० फुटांच्या वेगाने जाणारी गोळी तुझ्या नळीतून मिनिटाला १ लाख ९४ हजार फेऱ्यांनी फिरत निघते. पहिल्यांदा गणित केलं तेव्हा मी परत परत तपासलं होतं!

आता शिसं. हो, लफडं असतं, आणि ते मी सौम्य करून सांगणार नाही. शिशाची गोळी भरवेगात हाडाला लागली की तिचे बारीक कण मांसात पसरतात, जखमेपासून कितीतरी लांब, डोळ्यांना दिसत नाहीत, दाताखाली पण येत नाहीत, एक्स-रेमध्ये दिसतात. २००८ साली नॉर्थ डकोटात दान आलेल्या हरणाच्या खिम्यात असे कण सापडले आणि तिथल्या आरोग्य खात्याने अन्नछत्रांना तो खिमा टाकून द्या म्हणून सांगितलं. मोठ्या माणसाला एखाद्या वेळी खाऊन लगेच काही दिसत नाही, पण पोटातल्या बाळाच्या मेंदूला शिसं किती चाललं तर काहीच चालत नाही, डॉक्टर लोक सुरक्षित पातळी अशी सांगतच नाहीत. शिवाय जंगलात टाकलेलं आतडं-कोथळं गरुड येऊन खातात आणि ते शिशाने मरतात. कॅलिफोर्नियात तर १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिसं पूर्ण बंद आहे. तुझ्याकडे बंदी नाही, पण तुझ्या घरात पाचवा महिना आहे.

म्हणून माझं उत्तर: हरणासाठी १५० ग्रेनची, पण अख्ख्या तांब्याची. बार्न्सची मिळते, आता बाकीच्या कंपन्या पण करतात, डब्यावर कॉपर किंवा लेड-फ्री लिहिलेलं बघून घे. शिशाचीच घ्यायची असती तर मी १६५ म्हटलं असतं, अगदी मधली, हरणाला भरपूर आणि उद्या काळं अस्वल समोर आलं तरी कमी पडत नाही. पण तांब्यात एक पायरी खाली यायचं. तांबं शिशापेक्षा हलकं, त्यामुळे तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते, आणि ती फुटून वजन घालवत नाही, चार पाकळ्या उघडते आणि जवळपास अख्खीच्या अख्खी पलीकडे निघते. शिशाची १६५-१८० जाते तेवढी खोल ही १५० ची जाते. शिवाय तांब्याला उघडायला वेग लागतो आणि हलकी गोळी वेग देते, म्हणून तांब्याची १८० घेऊन उगाच वेग मारायचा नाही. महाग पडेल हे मला माहीत आहे. वर्षाला एक-दोन हरणं, दोन-चार गोळ्या, तिथे पैसे मोजू नकोस.

कागदासाठी १६८ मॅच घे, १०० आणि २०० यार्डांना तीच उत्तम, ३०० ला पण. वाऱ्यात लांब निमुळती गोळी कमी सरकते म्हणून १५० च्या साध्या गोळीपेक्षा ती बरी. पुढे कधी ६००-८०० यार्डांच्या मॅचचं वेड लागलं तर १७५ कडे जा, कारण १६८ ची मागची उतरण अशी आहे की हजार यार्डांच्या आसपास वेग आवाजाच्या वेगाजवळ आला की ती डळमळायला लागते. अमेरिकन फौजेने पण लांबच्या काडतुसात १६८ सोडून १७५ घेतली. पण ते पुढचं पुढे.

आणि हे मनापासून वाच. रेंजवर एक गोळी आणि जंगलात दुसरी असेल तर झिरो पण दोन वेगळे. माझ्या तिसऱ्या सीझनला मी १६८ मॅचने रायफल झिरो केली, पाच गोळ्या एका रुपयाच्या नाण्याखाली झाकतील असा ग्रुप, म्हणजे भोकांचा पुंजका, आला, मी खुशीत होते. शेजारच्या आजोबांनी १८० च्या सॉफ्ट पॉइंटचा (टोकाला शिसं उघडं असलेल्या शिकारीच्या गोळीचा) डबा प्रेमाने दिलेला, तोच घेऊन जंगलात गेले, मनात म्हटलं थ्री-ओ-एट ती थ्री-ओ-एट. १४० यार्डांवर मादी उभी होती, अगदी बाजूने. गोळी खाली लागली, छातीच्या खाली आणि पायाला. बर्फात रक्ताच्या मागे आम्ही अंधार पडेपर्यंत चाललो, दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबांना ती ओढ्याकाठी सापडली, जिवंत. दुसरी गोळी मी घातली. घरी येऊन कागदावर मारून बघितलं तर तो डबा माझ्या झिरोपासून १०० यार्डांवरच तीन इंच खाली आणि दोन इंच डावीकडे मारत होता. एवढंच होतं ते, वीस मिनिटांचं काम, मी केलं नव्हतं. ती मादी मला अजून दिसते. म्हणून सांगते, ऑक्टोबर लागला की १६८ चा डबा कपाटात ठेवायचा, तांब्याच्या गोळीने नवीन झिरो करायचा, आणि सीझन संपेपर्यंत त्या रायफलमध्ये दुसरं काही घालायचं नाही.

ते करायचं कसं ते पण सांगते. तांब्याच्या १५० चे दोन-तीन वेगवेगळ्या कंपन्यांचे एकेक डबे आण, वीस-वीसचे. बेंचवर, रायफलखाली पिशव्या लावून, १०० यार्डांवर पाच-पाचचे ग्रुप मार, तीनवर निकाल लावू नकोस, तीन गोळ्या नशिबाने पण जवळ पडतात. दोन ग्रुपमध्ये नळी हाताला कोमट लागेपर्यंत थांब. शिशाच्या गोळ्या मारलेल्या नळीत लगेच तांब्याच्या घालायच्या आधी नळी साफ कर आणि पहिल्या दोन-चार गोळ्या हिशोबात धरू नकोस. जो डबा तुझी नळी मानते तो ठेव, भले तो तुझ्या मित्राच्या नळीत चालत नसेल, नळीनळीचा स्वभाव असतो. आमच्या कोल्हापूरकडच्या नेमबाजांचं बघ, तेजस्विनी सावंत २०१० ला म्युनिकमध्ये विश्वविजेती झाली, कांबळवाडीचा स्वप्नील कुसळे २०२४ ला पॅरिसमधून ब्राँझ घेऊन आला, दोघांचा खेळ ५० मीटर रायफल, गोळी पॉइंट टू टूची, वजन ४० ग्रेन, सगळ्या जगाची तीच. त्या खेळात वजनाचा प्रश्नच येत नाही, तरी त्या पातळीवरचे नेमबाज एकेका बॅचच्या गोळ्या आपल्या नळीतून मारून बघतात आणि जी बॅच जुळते तिचाच साठा घेतात. तू पण तेच कर, जुळलेल्या डब्यावरचा लॉट नंबर, म्हणजे बॅचचा नंबर, बघ आणि त्याच लॉटचे चार-पाच डबे एकदम घेऊन ठेव.

झिरो १०० यार्डांवर दीड इंच वर ठेव, २०० पर्यंत काही विचार करावा लागणार नाही. मग बेंच सोड. बसून मार, गुडघ्यावर मार, झाडाला टेकून मार, एनसीसीत शिकवलेला श्वास आठवेल बघ, हात विसरत नाही ते. थंड नळीची पहिली गोळी रोज कुठे जाते ते वहीत लिही, कारण हरणाला तीच एक जाणार आहे. ज्या अंतरावर अशा बैठकीतून दहातल्या दहा गोळ्या भाकरीत जातात ते तुझं अंतर, त्यापुढे हरीण कितीही सुंदर उभं असू दे, बघायचं आणि सोडून द्यायचं.

बाकी पटकन. रायफलचा सीझन तुझ्याकडे थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी सुरू होतो, अंगावर डोक्यापासून छाती-पाठीपर्यंत मिळून २५० चौरस इंच भडक केशरी लागतं, सगळ्या बाजूंनी दिसणारं, ते जॅकेट आणि टोपी आधीच घे. मित्राच्या रानात असलास तरी लायसन आणि टॅग (मारलेल्या हरणाला लावायची चिठ्ठी) लागतोच. आणि हे वाचणारे बाकीचे जे एच-वन किंवा स्टुडंट व्हिसावर आहेत त्यांनी या मुलाचं बघून रायफल घ्यायला जाऊ नका, तो ग्रीन कार्डवर आहे. तुमच्या व्हिसावर बंदूक जवळ बाळगायला फेडरल कायद्याची आडकाठी आहे, हंटिंग लायसन असेल तर सवलत आहे पण ती वकिलाकडून नीट समजून घ्या, मित्राची रायफल हातात धरण्याआधी सुद्धा.

आता मटणाचं शेवटचं. तू सगळं तांब्याने केलंस आणि हरीण खाटकाकडे दिलंस, तर तिथे बऱ्याच ठिकाणी खिमा चार-पाच जणांच्या हरणांचा एकत्र काढतात, आणि त्यातलं कुणी ना कुणी शिशाने मारलेलं असणारच. म्हणून देतानाच विचार, माझं हरीण वेगळं कापाल का, मशीन धुऊन माझाच खिमा काढाल का. नाही म्हणाले तर खिमा करूच नकोस, मागच्या मांड्या आणि पाठीची पट्टी अख्खी आण आणि घरी काप. हरणाच्या मांसाला चरबी नसते, सुकं करायला गेलास तर चिवट होईल, त्याला कांदा-खोबऱ्याचं वाटण लावून मंद आचेवर रस्साच कर. आणि बायकोच्या डॉक्टरला एकदा विचारून मगच तिच्या ताटात वाढ.